घरातल्या माणसाचं व्यसन: नुकतंच कळलं असेल तर कुठून सुरुवात करायची

"सर, त्याला ताप आहे, रात्रीपासून उतरतच नाहीये." हे वाक्य मी दादाच्या साहेबांना फोनवर किती वेळा म्हटलंय याचा हिशोबच नाही. समोर दादा पलंगावर आडवा, एका पायात बूट तसाच, दुसऱ्या पायातला मोजा अर्धा निघालेला, तोंड उघडं, आणि खोलीभर तो वास. ज्यांच्या घरात हे आहे त्यांना वास समजावून सांगायला नको. फोन ठेवला की वाटायचं चला, नोकरी वाचवली, बहीण म्हणून कामाला आले. ती मदत नव्हती हे कळायला चार वर्षं गेली.

दादा आता सहा वर्षं पीत नाही. मधे दोनदा घसरला, त्यानंतरची ही सहा. मी डॉक्टर नाही की काउन्सेलर नाही, चुकत चुकत जे शिकलो ते क्रमाने लिहितेय, म्हणजे ज्यांना हे आत्ता याच महिन्यात कळलंय त्यांची निदान आमच्यासारखी चार वर्षं तरी जायची नाहीत. दारूबद्दल जास्त लिहीन कारण आमच्या घरात तीच होती, बाकीच्या नशेचं जिथे वेगळं आहे तिथे सांगेन. आणि क्रम पाळा, कारण आम्ही तो उलटा केला आणि एकदा दादा त्यात जाता जाता वाचला.

१. पहिले पंधरा दिवस फक्त बघा आणि लिहून ठेवा

कळल्या कळल्या माणूस काय करतो, तर भांडतो, नाहीतर बाटल्या ओततो. आमच्या आईने सिंकमध्ये ओतल्या. त्याने एवढंच झालं की दादा लपवायला शिकला. पुढे मला एक क्वार्टर फ्लशच्या टाकीत सापडली, दोरा बांधून पाण्यात सोडलेली, दोऱ्याचं दुसरं टोक आत नळीला गाठ मारून. एवढं डोकं त्याने अभ्यासात लावलं असतं तर असं आई रडता रडता म्हणाली आणि आम्ही दोघी हसलो, खरं सांगते.

तर त्यापेक्षा एक साधी वही करा. कधी प्यायला, साधारण किती वाजता, त्याच्या आधी काय झालं होतं, कोणाचा फोन आला होता, पगार झाला होता का, आणि कुठल्या दिवशी अजिबात प्यायला नाही. हे शेवटचं लोक लिहीत नाहीत आणि पुढे तेच सगळ्यात कामाला येतं. आमची पक्की खात्री होती की वहिनीशी भांडण झालं की हा पितो. वहीत दिसलं भलतंच, तो रविवारी संध्याकाळी सर्वात जास्त प्यायचा, कारण दुसऱ्या दिवशी कामावर जायचं असायचं. भांडण पिण्याच्या आधी नसायचंच, नंतर असायचं. चार वर्षं वहिनीच्या माथी मारलं होतं सगळ्यांनी.

आता हे व्यसन आहे की नुसती सवय, हा प्रश्न सगळ्यांना पडतो. जागतिक आरोग्य संघटनेची आजारांची जी यादी २०२२ पासून लागू आहे त्यात तीन गोष्टी बघतात. पिण्यावर ताबा राहिलेला नाही, म्हणजे एकच घेतो म्हणून बसतो आणि थांबता येत नाही. आयुष्यात बाकी सगळ्यापेक्षा ती गोष्ट वरचढ झालीये, काम, मुलं, तब्येत सगळं तिच्या मागे. आणि शरीराला लागलीये, म्हणजे पूर्वीइतक्याने भागत नाही किंवा नाही मिळाली की त्रास होतो. तिन्हीपैकी दोन असतील तर ते व्यसन. साधारण वर्षभराचं चित्र बघतात, पण रोजच चालू असेल तर त्याहून कमी काळही पुरतो. याच संघटनेची दारूसाठी दहा प्रश्नांची एक चाचणी पण आहे, ऑडिट नावाची, ४० पैकी गुण असतात, ८ किंवा त्याच्या वर गेलं की लक्ष द्या, २० किंवा त्याच्या वर म्हणजे डॉक्टर हवाच. फक्त ती त्याने स्वतः, मनाने भरायची असते. समोर बसवून तोंडी परीक्षा घेऊ नका, शून्य गुण पडतील.

आणि हो, आजार म्हटलं की "म्हणजे त्याची काहीच चूक नाही का" असं आमचे बाबा लगेच विचारायचे. अमेरिकेतल्या डॉक्टरांच्या संघटनेने दारूच्या व्यसनाला आजार म्हणून १९५६ मध्येच मान्यता दिलीये, तर हा काही नवीन लाड नाही. पण डायबिटीस झाला म्हणून पेशंटची गोळी दुसरं कोणी गिळत नाही ना, तसंच हे. आजार झाला यात दोष नाही, उपचार घेणं त्याचंच काम.

२. "आजपासून बंद" हे कधीच म्हणू नका

ही पायरी नीट वाचा, बाकीच्या एकवेळ चाळल्या तरी चालतील.

आम्ही काय केलं, तर एका शुक्रवारी रात्री सगळ्यांनी मिळून ठरवलं की आता पुरे. दादाही हो म्हणाला, रडला, पाया पडला. त्याला आतल्या खोलीत ठेवलं, बाहेरून कडी, मोबाईल काढून घेतला. शनिवारी हात थरथरायला लागले, घाम, उलट्या, झोप नाही. आम्ही म्हटलं विष बाहेर पडतंय, पडू दे. रविवारी रात्री मी पाणी द्यायला गेले तर तो चादरीवरून तळहाताने काहीतरी झाडत होता. सावकाश, एका बाजूने दुसऱ्या बाजूला. म्हटलं काय करतोस, तर म्हणाला, "मुंग्या बघ ना किती झाल्यात, आईला सांग." चादर स्वच्छ होती. मग कोपऱ्याकडे बघून कोणाशी तरी बोलायला लागला आणि पहाटे त्याला फिट आली.

कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरबाईंनी पहिला प्रश्न विचारला की शेवटचा पेग कधी घेतला होता, आणि मी अभिमानाने सांगितलं, "शुक्रवारपासून एक थेंब नाही." त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते मी विसरणार नाही.

तर गंमत अशी आहे, गंमत कसली, की रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारू धरूनच चालायला शिकलेला असतो. दारू मेंदूला दाबून ठेवते, तर मेंदू उलट जोर लावून स्वतःला जागं ठेवतो. अचानक दारू काढली की दाब जातो आणि जोर तेवढाच राहतो, मग थरथर, घाम, बीपी, फिट. त्रास साधारण शेवटच्या पेगनंतर ६ ते १२ तासांत सुरू होतो, फिटचा धोका पहिल्या दोन दिवसांत जास्त, आणि भास, भ्रम, ज्याला डॉक्टर डीटी म्हणतात, ते दोन ते चार दिवसांच्या दरम्यान. डीटीवर उपचार झाले नाहीत तर माणूस मरू शकतो. झोपेच्या किंवा टेन्शनच्या गोळ्यांचं व्यसन असेल तरी अचानक बंद केल्यावर फिट येऊ शकते, तिथेही डॉक्टर हळूहळू डोस उतरवतात.

म्हणून रोज पिणारा असेल, सकाळी उठल्यावर हात थरथरतात आणि घेतल्यावर थांबतात असं असेल, किंवा पूर्वी कधी फिट आली असेल, तर आधी डॉक्टर आणि मगच बंद. तिथे औषधं देऊन हे चार-पाच दिवस सांभाळून काढतात, आणि बी-१ व्हिटॅमिन देतात, कारण सतत पिणाऱ्यांमध्ये ते कमी पडतं आणि मेंदूला कायमची इजा होऊ शकते. डॉक्टरकडे जाईपर्यंत त्याने थोडी घेतली तर घेऊ दे. हे लिहिताना माझाही हात अडखळतो पण तेच खरं आहे.

हेरॉईन किंवा अफूच्या जातीतल्या गोळ्यांचं वेगळं. सोडताना प्रचंड त्रास होतो, अंग मोडून येतं, जुलाब-उलट्या, पण त्या त्रासाने सहसा माणूस मरत नाही, अंगातलं पाणी कमी होऊ द्यायचं नाही एवढं बघावं लागतं. खरा धोका नंतर आहे. महिनाभर बंद राहिलं की शरीराची सहन करायची ताकद उतरते, आणि मग कोणी जुन्या सवयीने जुनाच डोस घेतला की श्वास थांबतो. व्यसनमुक्तीच्या सेंटरमधून सुटून आलेले पहिले काही आठवडे म्हणून फार जपायचे. डोळ्यांच्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, श्वास मंद, ओठ निळे, हाक मारून उठत नाही असं दिसलं तर आधी अँब्युलन्स. नालोक्सोन म्हणून औषध असतं, नाकात मारायचा स्प्रेही येतो, ते दिलं की माणूस जागा होतो, पण त्याचा असर तास-दीड तासात उतरू शकतो आणि नशा परत चढू शकते, म्हणून जागा झाला तरी हॉस्पिटलला न्यायचंच. तुमच्या घरात हे व्यसन असेल तर ते कसं मिळतं हे डॉक्टरांना आजच विचारून ठेवा.

दारूने बेशुद्ध असेल तर कुशीवर वळवा, उलटी घशात जाता कामा नये. थंड पाणी ओतणं, कॉफी पाजणं, धरून चालवणं, हे सगळं आम्ही केलंय आणि यातल्या कशानेही दारू उतरत नाही, ती लिव्हर उतरवेल तेव्हाच उतरते.

३. त्याच्यासाठी खोटं बोलणं बंद करा

हे आमच्या घरात वहिनीने सुरू केलं. एके दिवशी सकाळी साहेबांचा फोन वाजला आणि तिने तो माझ्या हातात न देता दादाच्या उशीजवळ ठेवला. वाजू दिला. मी धावत गेले तर म्हणाली, "ताई, त्याचा फोन आहे, तो घेईल." त्याने नाही घेतला. दुपारी उठल्यावर सतरा मिस्ड कॉल बघून त्याचा चेहरा पहिल्यांदा पडला. चार वर्षांत पहिल्यांदा, कारण तोपर्यंत दारूचा मार आमच्या अंगावर पडायचा, त्याच्या अंगावर नाही.

म्हणजे बघा, उधारी बाबा फेडायचे, उलटी आई पुसायची, साहेब मी सांभाळायचे, आणि पोरांना वहिनी सांगायची की बाबांना बरं नाहीये. मग त्याला सोडायचं कारण काय? एवढी चोख व्यवस्था कोणाला मिळते!

पण इथे लोक टोक गाठतात. "जाऊ दे मग गटारात" असं नाही करायचं. बेशुद्ध माणसाला बाहेर टाकायचं नाही, तो गाडी चालवायला निघाला तर चावी काढून घ्यायचीच, जीवाला धोका असेल तिथे हात द्यायचाच. बाकी जे त्याच्या पिण्यामुळे झालंय आणि जे तो स्वतः निस्तरू शकतो ते त्याच्यासाठी ठेवायचं. मला यात एक साधा प्रश्न कामाला आला, मी हे केल्याने त्याचं पुढचं पिणं सोपं होणार आहे का? सोपं होणार असेल तर नाही करायचं. पैसे मागितले तर हातात नाही, डॉक्टरची फी असेल तर आपण जाऊन भरायची. रात्री दोन वाजता सोफ्यावर झोपला तर पांघरूण घाला, पण सकाळी फरशी त्यालाच पुसू द्या. आणि आधी सांगून करा. "उद्यापासून मी साहेबांशी बोलणार नाही" हे सांगितलं की ते नियम होतं, न सांगता केलं की सूड वाटतो.

आणि जी धमकी पाळता येणार नाही ती द्यायची नाही. आईने "आता प्यायलास तर मी घर सोडून जाईन" हे इतक्यांदा म्हटलं की दादा पुढे चेष्टेने तिची बॅग काढून ठेवायचा.

४. बोलायचं, पण वेळ बघून

प्यायलेल्या माणसाशी काहीही बोलू नका. एक शब्द नाही. तुम्ही दिवसभर मनात वाक्यं जुळवलेली असतात आणि तो दारात आला की सुटतात तोंडातून, मला माहितीये, पण त्याला सकाळी त्यातलं काही आठवणार नसतं, तुम्हाला मात्र त्याचं सगळं आठवतं.

चांगली वेळ म्हणजे तो शुद्धीत आहे, पोट भरलेलं आहे, आणि काल काहीतरी असं झालंय की त्यालाच वाईट वाटतंय. एकाने बोलायचं, पंचायत बसवायची नाही. आम्ही एकदा काका, मामा सगळे गोळा केले होते, त्या रात्री तो दुप्पट प्यायला.

वाक्यं "मी" ने सुरू होऊ देत. "तू आम्हाला बरबाद केलंस" आणि "काल तू जिन्यात पडलास तेव्हा मला वाटलं तू गेलास, मी घाबरले" यात फरक आहे, पहिल्यावर तो भांडू शकतो, दुसऱ्यावर भांडायला काही नाहीये. एका वेळी एकच प्रसंग, तारखेसकट, वहीतला. मागची दहा वर्षं काढायची नाहीत. आणि मग गप्प बसायचं. हे सगळ्यात अवघड.

विल्यम मिलर म्हणून अमेरिकन मानसशास्त्रज्ञ आहेत, १९८३ मध्ये त्यांनी व्यसनी माणसाशी बोलायची एक पद्धत मांडली, तिचा गाभा एवढाच की सोडण्याची कारणं आपण नाही सांगायची, त्याच्या तोंडून येऊ द्यायची. आपण सोडायच्या बाजूने जितकं ओढू तितका तो पिण्याच्या बाजूने वकिली करतो, कारण त्याच्या मनात दोन्ही बाजू असतात आणि एक आपण आधीच बळकावलेली असते. मी एकदा, खरंतर थकून, विचारलं, "दादा, तुला यातलं काय आवडतं रे?" तो बराच वेळ बोलला, झोप लागते, डोकं शांत होतं वगैरे. मग स्वतःच म्हणाला, "पण आता झोपही नाही लागत, तीनला जाग येते." त्याच्यावर मी फक्त "तीनला?" एवढंच म्हटलं. तीन वाजता तो एकटा जागा असतो आणि त्याला काय काय वाटतं हे त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मरणाची भाषा काढली तर सरळ विचारा, जीव द्यायचे विचार येतात का. विचारल्याने कोणाच्या डोक्यात ते भरत नाहीत. हो म्हणाला तर एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर.

५. न प्यायलेल्या दिवसाकडे लक्ष द्या

हे छोटं आहे पण कोणी सांगत नाही. आपलं सगळं लक्ष, रडणं, ओरडणं, रात्रभर जागणं, प्यायलेल्या दिवसाला जातं. न प्यायलेल्या दिवशी घर कसं असतं? शांत, फुगलेलं, सगळे जुन्या जखमा धरून. त्याला काय, दोन्हीकडे शिक्षाच.

रॉबर्ट मायर्स यांनी घरच्या लोकांसाठी क्राफ्ट नावाची पद्धत बनवली ती यावरच उभी आहे, न प्यायलेला असताना त्याच्यासोबत बसा, आवडीचं काही करा, तोंडावर सांगा की आज तुझ्याशी बोलून बरं वाटलं. प्यायला की शांतपणे उठून दुसऱ्या खोलीत, भांडण नाही, गप्पा पण नाहीत. आणि उपचाराचं नाव, पत्ता आधीच काढून ठेवा, म्हणजे तो "हो" म्हणेल त्या तासाला नेता येईल, कारण ते "हो" दुसऱ्या दिवशी नसतं. १९९९ मध्ये या पद्धतीची तुलना छापून आली, त्यात ज्यांच्या घरच्यांना हे शिकवलं त्यांच्यातले ६४ टक्के पेशंट उपचारांना आले, सगळ्यांनी घेरून समोरासमोर बसवायच्या पद्धतीत ३० टक्के. आमच्या काका-मामांच्या बैठकीची आठवण झाली मला ते वाचून.

६. डॉक्टर, गोळ्या, सेंटर

सुरुवात नेहमीच्या फॅमिली डॉक्टरपासून केली तरी चालते, मग मानसोपचारतज्ज्ञ. सगळ्यांना भरती व्हावं लागतं असं नाही, बऱ्याच जणांचं ओपीडीत येऊन-जाऊन होतं.

सेंटर बघायला स्वतः जा, फोनवर ठरवू नका. रात्री डॉक्टर असतो का, फिट आली तर काय करतात, घरच्यांना कधी भेटू देतात, काउन्सेलिंग कोण करतं, आणि सगळ्यात महत्त्वाचं, घरी सोडल्यावर पुढे काय. आम्ही पहिलं जे बघितलं तिथे शेवटच्या प्रश्नावर तो माणूस म्हणाला, "पुढे काय म्हणजे? शंभर टक्के गॅरंटी आहे ताई." गॅरंटी शब्द ऐकला की निघा. मारहाण, बांधून ठेवणं, भेटू न देणं, यातलं काही कानावर आलं तरी निघा.

गोळ्यांबद्दल एक फार गंभीर गोष्ट. डायसल्फिरॅम म्हणून गोळी असते, ती घेऊन दारू प्यायली की चेहरा लाल, धडधड, उलट्या, बीपी खाली. १९४८ मध्ये डेन्मार्कच्या संशोधकांनी हे जगापुढे मांडलं. दारू शरीरात मोडताना मधे एक विषारी पदार्थ बनतो, ही गोळी त्याचं पुढे मोडणं थांबवते, म्हणून तो साठतो. बऱ्याच घरांत ही गोळी त्याला न सांगता जेवणात मिसळतात. कृपा करून करू नका. त्याला माहितीच नसलं की तो पिणार, आणि भरपूर प्यायला तर जीवावर बेतू शकतं, शेवटच्या गोळीनंतर दोन आठवड्यांपर्यंत असर राहू शकतो. शिवाय कळलं, आणि कळतंच, की तो घरचं पाणीसुद्धा घेणार नाही. ही गोळी त्याच्या संमतीने, लिव्हरची तपासणी करून, डॉक्टरच्या देखरेखीखालीच. तलफ कमी करणाऱ्या वेगळ्या गोळ्या आहेत, नाल्ट्रेक्सोन, अकॅम्प्रोसेट, त्यांच्याबद्दल स्वतःहून विचारा, सगळे डॉक्टर आपणहून सांगतात असं नाही. अफू-हेरॉईनच्या व्यसनात मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन देतात, त्यावर "एक नशा सोडून दुसरी" असं नातेवाईक म्हणतील, म्हणू देत, दोन्ही औषधं २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक यादीत आहेत आणि त्याने माणसं जगतात.

यासोबत अल्कोहोलिक्स अनॉनिमसच्या मीटिंग. १९३५ मध्ये बिल विल्सन आणि डॉक्टर बॉब स्मिथ या दोन पिणाऱ्यांनी अमेरिकेत सुरू केलं, फी नाही, नाव-गाव विचारत नाहीत. दादा पहिल्या मीटिंगला मी बाहेर थांबीन या अटीवर गेला. सगळ्यांना ते मानवतं असं नाही, नाही मानवलं तर दुसरं काही, पण दोन-तीन वेळा जाऊन मग ठरवायचं.

७. पैसे, पोरं आणि मारहाण

एटीएम कार्ड, सह्यांचे चेक, दागिने, घराची कागदपत्रं सुरक्षित जागी. त्याच्या नावावर कर्ज काढू नका आणि त्याच्यासाठी जामीन राहू नका. पोरांना वयाप्रमाणे खरं सांगा, "बाबांना दारूचा आजार आहे, तुझ्यामुळे नाही झाला आणि तू बरा करायचा नाहीये", नाहीतर पोरं मनातल्या मनात स्वतःला दोषी धरतात. आणि हात उचलत असेल तर वरच्या सगळ्या पायऱ्या बाजूला ठेवा, आधी तुम्ही आणि पोरं तिथून बाहेर पडा. एका बॅगेत कपडे, कागदपत्रं, थोडे पैसे भरून ठेवा आणि कोणाकडे जायचं ते ठरवून ठेवा. दारूवरचे उपचार नंतरही होतात.

८. घसरला तर

घसरतो. सगळे नाही, पण बरेच. व्यसनात परत सुरू होण्याचं प्रमाण ४० ते ६० टक्क्यांच्या आसपास सांगतात, आणि बीपी किंवा दम्याचे पेशंट औषध-पथ्य सोडून परत आजारी पडतात तेही साधारण तसंच किंवा जास्तच. बीपी वाढलं म्हणून कोणी आयुष्यभराचे उपचार फुकट गेले असं म्हणत नाही.

दादा पहिल्यांदा घसरला तो पाचव्या महिन्यात. मी इतकं काही बोलले त्याला की तो पुढचे तीन आठवडे पीत राहिला, लाजेने. दुसऱ्यांदा वहिनीने फक्त विचारलं, "डॉक्टरांना फोन तू करतोस की मी करू?" चार दिवसांत तो परत मार्गावर. तिथेही लक्षात ठेवा, बरेच दिवस सलग प्यायला असेल तर बंद करताना दुसऱ्या पायरीचे नियम परत लागू.

घसरायच्या आधी खुणा दिसतात. मीटिंग चुकवणं, जुन्या मित्राचा "सहज" फोन, चिडचिड, आणि "आता माझा ताबा आहे" हे वाक्य. भूक, राग, एकटेपणा, थकवा, या चारांपैकी काय चाललंय ते बघायचं, असं त्यांच्या मीटिंगमध्ये सांगतात. दादाचं बहुतेक वेळा एकटेपणा असायचं.

९. तुमचं काय

घरच्यांसाठी अल-अनॉन आहे, १९५१ मध्ये बिल विल्सन यांच्या बायकोने, लोइस यांनी, अ‍ॅन बी. यांच्यासोबत सुरू केलं. त्यांचा एक किस्सा मला फार आवडतो. नवऱ्याची दारू सुटली होती, सगळं छान चाललं होतं, आणि एके दिवशी तो म्हणाला चल लवकर, मीटिंगला उशीर होतोय, तर लोइसबाईंनी हातातला बूट फेकला आणि "खड्ड्यात गेल्या तुझ्या मीटिंग" अशा अर्थाचं काहीतरी म्हणाल्या. इतकी वर्षं मी झिजले आणि तुला बरं केलं भलत्यांनीच, असा तो राग. तो राग तुम्हालाही येईल, दारू सुटल्यावर जास्त येईल, आणि तो आला म्हणजे तुम्ही वाईट आहात असं नाही.

अल-अनॉनमध्ये तीन वाक्यं सांगतात: हे मी घडवलेलं नाही, ते माझ्या ताब्यात नाही, आणि मी ते बरं करू शकत नाही. मला पहिलं पटलं, दुसरं कळायला वर्ष गेलं, तिसऱ्यावर अजून कधीकधी भांडते. तुमची झोप, तुमचा डॉक्टर, तुमची एखादी मैत्रीण जिच्याशी खरं बोलता येतं, हे सगळं चालू ठेवा, कारण हे काम महिन्यांचं नाही. मी दोन वर्षं कोणाकडे गेले नव्हते, घरी काही झालं तर म्हणून. घरी जे व्हायचं ते मी असतानाही झालंच.

अजून एक, तलफेबद्दल. ती लाटेसारखी येते आणि बऱ्याचदा अर्ध्या तासात ओसरते, तेवढा वेळ कोणीतरी सोबत असलं तरी काम होतं. त्यासाठी काही शहाणं बोलावं लागत नाही. दादा सेंटरमधून आल्यावर दुसऱ्या महिन्यात त्याचा संध्याकाळी फोन आला, मी घाबरून विचारलं काय झालं. "काही नाही गं," म्हणाला, "सात वाजलेत म्हणून केला." मग आम्ही त्याच्या गळणाऱ्या नळाबद्दल बोललो, वॉशर कुठलं लागतं, प्लंबर का येत नाही, पावणेआठपर्यंत.